रुग्णालयाच्या पायरीवरील लोकमत

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, करोनाची साथ भरात असताना, अहमदपूर येथे हजारो भाविकांची गर्दी लोटली. डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज जिवंत समाधी घेणार, अशी अफवा पसरली होती. महाराजांचे वय तेव्हा १०४ वर्षे. लाहोर येथे आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेले हे धर्मगुरू. १ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले, ते नांदेडच्या रुग्णालयात. गुरू वैद्यकाचे पदवीधर आणि शिष्यगण साथीतील सूचना विसरून गोळा झालेला! अशा वेळी ‘लोक अडाणी आहेत’ असा निवाडा देणे फार सोपे असते.

परंतु शासकीय सूचनेपेक्षा शेजाऱ्याचा शब्द लोकांना जवळचा का वाटतो, यालाही इतिहास आहे. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मात्र आकडे पुरे करण्यासाठी कायद्याची वाट कोणी पाहिली नव्हती. ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे शिक्षकांवर आणि तलाठ्यांवर लादली गेली. ज्या गुरुजींच्या शब्दाला गावात मान होता, त्यांनाच पाहून माणसे दार लावून घेऊ लागली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९७७ च्या सत्तांतरानंतर ‘कुटुंब नियोजना’चे ‘कुटुंब कल्याण’ झाले. नाव पालटले, धसका राहिला, आणि त्याचा भार स्त्रियांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांचे अवघे ०.३ टक्के आढळले. याला केवळ ती सक्तीच कारण, असे अर्थातच म्हणता येणार नाही.

पोलिओच्या मोहिमेत तेच शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताई पुन्हा दारोदार गेल्या. डोसाने वंध्यत्व येते, ही अफवा तेव्हाही काही ठिकाणी होती. पण थेंब आईच्या डोळ्यांदेखत बाळाच्या मुखात पडत होते आणि ओळखीचे माणूस पुढच्या फेरीलाही येत होते. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

याहून अवघड प्रश्न आहे तो रुग्णालयांचा. लातूर आणि नांदेड यांच्या दरम्यान वसलेल्या अहमदपूरच्या गंभीर रुग्णाला या दोहोंपैकी एक शहर गाठावे लागते. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. क्षोभ उसळला. एका खासदाराने अधिष्ठात्यांनाच स्वच्छतागृह साफ करावयास लावले आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. औषधखरेदी का रखडते, रिक्त पदे का भरली जात नाहीत, हे प्रश्न त्या दृश्यामागे झाकले गेले.

येथे सुशिक्षित वर्गाने स्वतःकडे पाहणे इष्ट. शिक्षक, कारकून, वकील यांचे मत वृत्तपत्रांत उमटते. पण त्यांच्या घरचा रुग्ण सहसा खासगी रुग्णालयात जातो, आणि शासकीय सेवकास त्या खर्चाची प्रतिपूर्तीही मिळू शकते. शासकीय रुग्णालयाच्या पायरीवर भाकरी सोडून बसतो तो शेतमजूर, ऊसतोड कामगार. जो बोलतो तो तेथे जात नाही. जो जातो त्याला कोणी विचारीत नाही. त्यामुळे ‘सरकारी दवाखाना वाईट’ हे मत गावोगाव पक्के असूनही त्याचा दाब अर्थसंकल्पावर पडत नाही.

नांदेडच्या मृत्यूंची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. शासनाने तेथे सांगितलेल्या कारणांत एक असेही होते, की खासगी रुग्णालयांतून अनेक रुग्ण अगदी अखेरच्या अवस्थेत शासकीय रुग्णालयात धाडले जातात.