लस आणि शेवटचे मूल

न्यूमोनियाचे बळी मुख्यतः गरिबाघरची मुले. त्याला आवर घालणारी न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात २०१७ साली हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत प्रथम आली. देशभर पोहोचण्यास २०२१ उजाडले. तत्पूर्वी कित्येक वर्षे ती खासगी दवाखान्यांत मिळे, पण एकेका मात्रेस हजारो रुपये पडत. म्हणजे ज्याला धोका अधिक, त्याची पाळी शेवटी!

आज ती विनामूल्य आहे. तरी विषमता सरलेली नाही. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना अशा तीन वेळा ती द्यावी लागते. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने पहिली मात्रा गावी घेतली, तरी पुढच्या वेळी ते कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर, कोपीत असू शकते. नाव गावच्या नोंदवहीत, मूल परजिल्ह्यात!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या ७६.४ टक्के बालकांना जुन्या, मूलभूत लसी पूर्ण मिळालेल्या आढळल्या. उरलेली मुले कोणाची, हे ही सरासरी सांगत नाही. म्हणून आरोग्यखात्याने दिलेल्या मात्रांबरोबर सुटलेली मुलेही, गावोगावी आणि फडाफडांवर जाऊन, मोजली पाहिजेत. नव्या लसीचे यश त्यांच्यावरूनच ठरेल.