मिरचीचा इसार आणि मोबाइलमधलं यंत्र

गणपतीला मुंबईहून गावी आलेला पुतण्या मोबाइल पुढे धरून सांगतो, "काकी, मला काही करावं लागत नाही. ॲप आपोआप ऑप्शनचे स्प्रेड लावतं. तोटा ठरलेला असतो, त्यापुढे जात नाही." मग हळूच विचारतो, गटातून पन्नास हजारांचं कर्ज मिळेल का? आमच्या लालबाग-परळच्या गटांतही असे अर्ज येतात. पोरगा खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो. उरलेलं अर्धं आज बघू.

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्यासाठी बायकांची झुंबड असते. समजा, मार्चमध्येच मी एका दुकानदाराला किलोमागे 20 रुपये दिले आणि ठरलं, की मे महिन्यात भाव काहीही असो, मला 300 रुपयांनी मिरची घेता येईल. घेतलीच पाहिजे असं नाही. भाव 350 झाला तर माझे 50 वाचले, दिलेले 20 वजा जाता 30 फायदा. भाव 280 वर आला तर मी सौदा सोडून देते, 20 गेले. आपला नेहमीचा इसार किमतीतून वळता होतो, हा होत नाही, एवढा फरक. हा हक्क म्हणजे ऑप्शन, आणि ते 20 रुपये म्हणजे प्रीमियम. शेअर बाजारात मिरचीच्या जागी निफ्टीसारखा निर्देशांक असतो. तिथे माल घरी येत नाही, फक्त फरकाचे पैसे दिले-घेतले जातात.

आता स्प्रेड. 20 रुपये जड वाटले, म्हणून मी तसाच हक्क 330 च्या भावाचा दुसऱ्या बाईला विकला आणि तिच्याकडून 8 घेतले. माझ्या पदरचे 12 च गेले. मिरची 300 च्या खाली राहिली तर ते 12 बुडाले. 312 ला बरोबरी. 330 च्या कितीही वर गेली तरी माझा फायदा 18 च, त्यावरचं सगळं तिचं. 100 किलोचा सौदा असेल तर तोटा जास्तीत जास्त 1,200, फायदा जास्तीत जास्त 1,800. पुतण्याचं "ठरलेला तोटा" हेच.

पण ही हद्द एका सौद्याची आहे. यंत्राला थकवा नसतो. आठवड्यात दहा सौदे लावले आणि सगळे उलटे गेले, तर 12,000 गेले. शिवाय एका स्प्रेडला दोन मागण्या सुरुवातीला आणि मोडताना दोन. अनेक ब्रोकर मागणीमागे 20 रुपये घेतात, म्हणजे 80 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी आणि सरकारी कर वेगळे. 1,200 च्या सौद्यात नफा होवो की तोटा, हे द्यावेच लागतात.

अजून एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. यंत्राने दोन्ही मागण्या पाठवल्या, पण विकण्याची लागली आणि घेण्याची लटकली, तर? मिरची 400 वर गेली की 330 च्या हक्कापायी किलोमागे 70 रुपये माझ्या अंगावर. मिळालेले 8 वजा करा, 100 किलोला 6,200. तोटा मग ठरलेला राहत नाही. म्हणून घेण्याची मागणी आधी लागते का आणि एकच बाजू लागली तर यंत्र काय करतं, हे पुतण्याला विचाराच.

या गिरणगावाने आकड्याचा खेळ पाहिलाय. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस काय भावाने उघडेल आणि बंद होईल, यावर एकेकाळी इथे पैसे लागत. मटका त्यातूनच वाढला. ऑप्शन हा मटका नव्हे, तो कायदेशीर आहे, त्यावर सेबीची देखरेख आहे. पण सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये. आणि नफा कुणाचा? मोठ्या परदेशी संस्थांचा आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या ब्रोकर कंपन्यांचा. त्यांचा बहुतेक नफा यंत्रानेच लावलेल्या सौद्यांतून आला होता. पुतण्याच्या यंत्रासमोर अशी यंत्रं बसलेली आहेत.

म्हणून गटाचं कर्ज यासाठी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला शेकडा दोन व्याज धरलं तर पन्नास हजारांवर हजार रुपये दर महिन्याला भरायचेत, यंत्र हरो की जिंको. शिलाई मशिनचं कर्ज थकलं तर मशिन तरी घरात असतं. त्याला स्वतःच्या पगारातून खेळायचं असेल तर तो जाणे.

तरीही घरात कुणी करतच असेल, तर डिमॅट खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. सुनेच्या नावावर उघडून ओटीपी मुलगा वापरत असेल, तर नोटीस तिच्या नावाने येईल. ब्रोकर सेबीकडे नोंदलेला आहे का? 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने सेबीने अशा यंत्र-योजनांना शेअर बाजाराची मंजुरी आणि प्रत्येक यंत्र-मागणीला ओळख क्रमांक बंधनकारक केला आहे, तोही विचारा. "रोजचा नफा पक्का" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सेबीचा मोफत क्रमांक 1800 22 7575. कुणी फसवून पैसे काढलेच असतील तर 1930 ला त्याच तासाला फोन लावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत गेले की अडवणं कठीण होतं.