कॅसेट ‘गेली’ म्हणण्याआधी

माळ्यावरच्या ट्रंकेतून लग्नाची व्हीएचएस कॅसेट निघते. कुणाकडून तरी व्हीसीआर मागून आणतात, ऑनलाइन मागवलेला यूएसबी कॅप्चर डोंगल लॅपटॉपला लावतात आणि पडद्यावर बघतात तर काय, लालभडक शालू राखाडी! ‘रंग उडाले, कॅसेट गेली,’ असा निकाल घरातल्या घरात लागतो.

टेपवरचे रंग जुन्या फोटोसारखे उडत नसतात. चित्र आणि आवाज धड असून फक्त रंगच गायब असेल, तर आधी सॉफ्टवेअरची सेटिंग बघावी. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या: ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. बऱ्याच डोंगलांचं सॉफ्टवेअर मात्र उघडतं तेच अमेरिकेच्या एनटीएससीवर, म्हणजे ५२५ रेघा आणि जवळपास ३० चित्रं. ही गल्लत झाली की चित्र काळंपांढरं होतं, कधी वर-खाली घरंगळतं. अमेरिकेतल्या मावशीने तिथेच चित्रित करून पाठवलेल्या बारशाच्या कॅसेटीचं नेमकं उलट. ती एनटीएससी असते आणि ती लावायला व्हीसीआरही दोन्ही पद्धती जाणणारा लागतो.

दुसरी समजूत म्हणजे ‘फुल एचडी’त उतरवलं की चित्र स्वच्छ येतं. जेव्हीसीने १९७६ साली जपानमध्ये आणलेल्या या टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. ७२० गुणिले ५७६ एवढा आकार त्याला भरपूर झाला. स्वस्तातले एचडीएमआय कन्व्हर्टर तेवढाच तपशील फुगवतात आणि पुष्कळदा ४:३ चं चित्र ताणून रुंद करतात; मांडवातल्या सगळ्यांचं वजन वाढतं, एवढाच फायदा. शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो, तो दोष मात्र व्हीएचएसचाच. रंगाला तिथे फारच कमी जागा असते, त्यामुळे महागडी वायर आणूनही तो जात नाही.

अक्षता टाकणाऱ्या हातांना फणीसारखे दाते फुटलेले दिसले की डोंगलच्या नावाने बोटं मोडली जातात. डोंगल बिचारा निर्दोष असतो. पालच्या प्रत्येक चित्राचे दोन भाग असतात, एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर, आणि तेवढ्यात हात हललेला असतो. जुना टीव्ही हे भाग एकामागून एक दाखवायचा; कॉम्प्युटर दोन्ही एकत्र दाखवतो. ‘डीइंटरलेस’ करून फाइल सेकंदाला ५० चित्रांची केली की दाते जातात आणि हालचालही सफाईदार राहते. फक्त हे काम कॅप्चर करताना नको, नंतर करावं.

चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी पूर्वीही होतीच. व्हीसीआर टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्यावर जातो तिथे ती उमटते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, एवढंच. कडेला काळी पट्टी टाकून ती झाकता येते. दाराची उभी चौकट नागमोडी दिसत असेल, तर टेपचा वेग डळमळतोय. त्यावर टाइम बेस करेक्टर हा उपाय. काही एस-व्हीएचएस डेकमध्ये तो आतच असतो आणि पिवळ्या पिनेपेक्षा सरस असलेली एस-व्हिडिओची जोडणीही मिळते.

पडद्यावर पांढरा बर्फ पडत असेल, तर टेपला दोष देण्याआधी हेड पुसावं. साध्या कापसाचे धागे त्यात अडकतात. धागे न सुटणारं मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं करून हेड बसवलेल्या ड्रमला नुसतं टेकवायचं आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. वर-खाली घासलं की नाजूक हेड तुटलंच म्हणून समजा.

कोकणातल्या, मुंबईतल्या दमट घरांतली कॅसेट आधी तिच्याच पारदर्शक खिडकीतून नीट बघावी. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी. ‘एकदा लावून तर बघू’ हा मोह इथे नडतो, कारण हेडला लागलेली बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. अशी टेप साफ करून घेईपर्यंत लावू नये.

व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची ज्ञात कंपनी. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा मागून आणलेला व्हीसीआर चालत असेल, तर परत देण्याआधी ट्रंकेतल्या उरलेल्या कॅसेटीही उतरवून घ्या.