रुग्णवाहिकेतून दूरदेशी : शहापूर-मुरबाडच्या घाटवाटांवरील पूर्वतयारी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन्ही डोंगराळ तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून, शहापूरवरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग कसाऱ्यापुढे थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचतो, तर कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरतो. सेवेतून निघालेली रुग्णवाहिका राहण्याजोगी करून लांब पल्ल्याच्या प्रवासाला काढायची असेल, तर तिची खरी परीक्षा याच चढ-उतारांवर होते.

महाराष्ट्रात अशी गाडी बहुधा ‘ट्रॅव्हलर’ असते. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने 1987 मध्ये मर्सिडीझच्या आराखड्यावरून ती बाजारात आणली आणि 2005 मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. उंच छत, मागचे रुंद दरवाजे आणि सुटे भाग मिळण्याची सोय या तीन गुणांमुळे ती प्रवासासाठी आकर्षक वाटते. परंतु रुग्णवाहिकेची झीज मालवाहू किंवा प्रवासी गाडीसारखी नसते, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णालयाच्या दारात इंजिन चालू ठेवून ती तासन्‌तास उभी असते, इंजिन पुरते तापण्याआधीच भरधाव निघते आणि वारंवार जोरात ब्रेक लावून थांबते. त्यामुळे मीटरवरचा कमी किलोमीटरचा आकडा इंजिनाची खरी अवस्था सांगत नाही.

त्याहून फसवी असते ती आतली जमीन. रक्त आणि घाण धुण्यासाठी वर्षानुवर्षे ओतलेले पाणी व्हिनाईलच्या कडांतून प्लायवूडखाली मुरते, स्ट्रेचरचे रूळ बसवलेल्या बोल्टच्या भोकांतून पत्र्यावर उतरते आणि कोकणच्या चार महिन्यांच्या दमट पावसात तिथेच राहते. म्हणून जाणकार डेंटर रंगाकडे न पाहता रुळाशेजारचे व्हिनाईल उचलून पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहतो. टोक आत गेले, तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय पलंग किंवा कपाट बसवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. प्राणवायूच्या नळ्या, इन्व्हर्टर आणि दिव्यांचे जादा वायरिंगही मुळापासून काढावे लागते, कारण अर्धवट तोडलेली जिवंत तार लाकडी सजावटीमागे दडली तर आगीचा धोका संभवतो.

कागदपत्रांचा प्रश्न मात्र या सगळ्याच्या आधीचा आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची, त्यात स्थानिक संस्थांचीही वाहने आली, नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू ठेवता येत नाही. म्हणजे तेवढी जुनी प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी कितीही सुस्थितीत असली तरी भंगाराचीच धनी ठरते आणि शोध खासगी रुग्णालयांच्या किंवा धर्मादाय संस्थांच्या गाड्यांपुरता उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 मध्ये केवळ रुग्णसेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परवान्यातून दिलेली सूट वापर बदलताच संपते, तर कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. निवासी वाहनांसाठी एआयएस-124 आणि रुग्णवाहिकांसाठी एआयएस-125 अशी वेगवेगळी मानके असल्यामुळे, आरटीओशी आधी बोलून मगच गॅरेज गाठणे शहाणपणाचे. सायरन, निळे-लाल दिवे आणि बॉनेटवरची उलटी अक्षरे तर काढलीच पाहिजेत; खऱ्या रुग्णाला मिळणारी वाट दुसऱ्या कोणी घेणे अक्षम्य आहे.

यांत्रिक कामांत पहिला मान ब्रेकचा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-3 प्रकारच्या ताज्या द्रवासाठी किमान 205 अंश सेल्सिअसची अट आहे, पण ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ती 140 अंशांवर येते. माळशेजच्या उतारावर सतत पाय दाबून ठेवल्यास तापलेल्या द्रवाची वाफ होते, पेडल पोकळ लागते आणि गाडी थांबत नाही. म्हणून द्रव पूर्ण बदलून, व्हील सिलिंडर व लायनर तपासून, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरावे. टायरवरचे चार आकडेही वाचावेत : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. कमी धावलेल्या रुग्णवाहिकेच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन बाजूंना तडे गेलेले असतात.

पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढतात, वर बॅटऱ्या, शेगडी, पलंग. तेव्हा सामान भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवून आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहावी आणि त्याच भारासह घाट चढून कूलंटचे तापमान, तसेच मागचे कमानपाटे किती बसतात, हे पाहावे. नेपाळपर्यंतच जायचे असल्यास सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीची तात्पुरती परवानगी, पुरते. त्यापलीकडच्या अनेक देशांत ‘कार्ने’ लागतो, म्हणजे गाडी तिथे विकली जाणार नाही याची हमी देणारा जकात-दस्तऐवज, आणि त्यावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळावा लागत असल्याने, पत्र्याचे काम व रंगकाम करताना तो क्रमांक झाकला किंवा घासला जाणार नाही याची काळजी गॅरेजमध्येच घ्यावी लागते.