अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल संचेती

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यात, सोनाळा नावाचे गाव आहे. तेथील एखाद्या शेतकरी बाईचा दिवस पाहावा. पहाटे ती चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापते, दुपारी शेतात उकिडवी बसून निंदण करते आणि सायंकाळी देवळात मांडी घालून भजन ऐकते. पंगतीलाही बसावयाचे ते जमिनीवरच. उतारवयात अशा बाईचे गुडघे धरले, म्हणजे केवळ चालणे अडते असे नव्हे; चूल, शेत आणि देऊळ ही तिन्ही तिला दुरावतात.

गुडघा हा मोठा नवलाचा सांधा होय. वर मांडीचे हाड, खाली नडगी आणि पुढे वाटी अशी त्याची रचना असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असल्यामुळे ती एकमेकांवर घासत नाहीत. वयोमानाने, मार लागल्याने किंवा संधिवाताने हे आवरण झिजते आणि पाऊल टाकताना जीव कासावीस होतो. औषधांनी भागेनासे झाले, म्हणजे शल्यविशारद झिजलेली टोके कापून तेथे धातूचे आवरण बसवितो व मध्ये टणक प्लॅस्टिकचा थर ठेवतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. बर्लिन येथे थेमिस्टोक्लीस ग्लुक याने १८९० साली हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला. परंतु जंतुसंसर्गापुढे तो प्रयत्न टिकला नाही. पुढे १९६० नंतरच्या काळात पाश्चात्त्य देशांत धातूचे सांधे यशस्वी होऊ लागले. मात्र ते घडविले गेले खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी! चालताना गुडघा सुमारे ६० अंश वाकला तरी पुरतो. उकिडवे बसावयाचे तर तो १२० अंशांहूनही अधिक वाकावा लागतो. शिवाय आपल्याकडील पुष्कळ लोकांची, विशेषतः स्त्रियांची, हाडे लहान असतात. दुसऱ्याच्या मापाची वहाण पायात घालावी, तसेच हे झाले.

ही अडचण ज्यांनी मनावर घेतली, त्यांपैकी एक म्हणजे पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तिमल संचेती. त्यांचा जन्म २४ जुलै १९३६ रोजी झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १९६५ साली अस्थिरोगांसाठी रुग्णालय स्थापन केले. त्या काळी हाड मोडले की गावचा हाडवैद्य गाठावा, अशीच बहुतेकांची रीत होती. पोलिओने पाय लुळे पडलेली मुलेही गावोगाव दिसत. अशा दिवसांत केवळ हाडे व सांधे यांनाच वाहिलेले रुग्णालय काढणे हे धाडसच म्हटले पाहिजे. शिवाजीनगरातील ज्या चौकाजवळ ते रुग्णालय आहे, त्याला लोक आज संचेती चौक म्हणूनच ओळखतात.

पुढे त्यांनी भारतीय हाडांच्या मापाचा व अधिक वाकणारा कृत्रिम गुडघा तयार करविला. ‘इंडस’ हे त्याचे नाव. परदेशी सांध्यांपेक्षा तो स्वस्त असावा, हाही त्यांचा हेतू होता. कारण शस्त्रक्रियेच्या खर्चात सांध्याच्या किमतीचाच वाटा मोठा असे. पुढे १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने अशा सर्वच सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. संचेतींना १९९१ साली पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण व २०१२ साली पद्मविभूषण हे सन्मान लाभले.

तथापि नवा गुडघा बसला की लगेच जमिनीवर बसता येते, असे कोणी समजू नये. शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे व्यायाम करावा लागतो, आणि आरंभी तो दुखतो. गुडघा किती वाकेल, हे रुग्णाच्या स्नायूंवर व शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावरही अवलंबून असते. अनेकांना डॉक्टर पुढेही उकिडवे बसू देत नाहीत. अशा बाईसाठी घरची माणसे चूल ओट्यावर चढवितात. ती उभ्याने भाकरी थापते, आणि देवळापर्यंत मात्र स्वतःच्या पायांनी चालत जाते.