मागचा ॲक्सल बदलण्यापूर्वी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲन आर्बर हे नगर विद्यापीठासाठी विख्यात असले, तरी त्याच्या पूर्वेस तासाभराच्या आत फोर्डचे डिअरबॉर्न आहे, आणि दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर टोलेडो आहे. याच टोलेडोच्या विलीस कंपनीची जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडावयास घेतली, आणि याच परिसरात ॲक्सल घडविणाऱ्या डाना कंपनीचे मुख्य दप्तर आजही आहे. अशा दोन यंत्रनगरींच्या सान्निध्यात राहणाऱ्या आणि मोटारींच्या धंद्यातच पोट भरणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी कित्येकांना जुनी पिकअप घेऊन फ्लिंटजवळच्या माउंड्समध्ये, २०२० साली खुल्या झालेल्या होली ओक्समध्ये किंवा मिशिगन सरोवराकाठच्या सिल्व्हर लेकच्या वाळूत उतरण्याची हौस जडावी, यात नवल नाही. मात्र या हौसेबरोबर एक समजूतही पसरत गेली आहे, ती अशी की मागचा ॲक्सल जाडजूड घातला म्हणजे गाडीची चिंता मिटली. या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु तेवढ्या अंशावर विसंबल्याने पैसा तर जातोच, पण प्रसंगी निसरड्या रस्त्यावर जीवही धोक्यात येतो, म्हणून तिची सविस्तर छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गफलत नावांची. डाना ४४ आणि डाना ६० या नावांतील आकडा हे बळाचे अथवा मापाचे परिमाण आहे असे पुष्कळ जण धरून चालतात. वस्तुतः तो केवळ मालिकेचा क्रमांक होय. जुन्या डाना ४४ च्या क्राऊनचा, म्हणजे ॲक्सलमधील मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास साडेआठ इंच आणि डाना ६० चा पावणेदहा इंच असतो. उलटपक्षी फोर्डचा १९५७ पासून १९८६ पर्यंत चाललेला 'नाइन इंच' आणि त्यानंतर रूढ झालेला 'एट पॉइंट एट' यांच्या नावांत मात्र क्राऊनचाच व्यास इंचांत सांगितलेला आहे. तेव्हा नावावर भिस्त ठेवण्यापेक्षा शाफ्टचा व्यास आणि त्याच्या टोकावरील स्प्लाइनची, म्हणजे उभ्या खाचांची, संख्या विचारावी, कारण भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास एक दशांशाने वाढला, तर तेवढ्याच प्रतीच्या पोलादात ही शक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते.

याच कारणाने जुन्या फोर्ड रेंजरच्या मालकांचा डोळा १९९५ ते २००१ च्या एक्स्प्लोररच्या मागच्या ॲक्सलवर असतो. रेंजरच्या 'एट पॉइंट एट'च्या शाफ्टला २८ स्प्लाइन, तर एक्स्प्लोररच्या शाफ्टला ३१. रेंजरला ड्रम, तर एक्स्प्लोररला डिस्कब्रेक. आणि चाकाच्या पाच बोल्टांची रचना मात्र दोन्हीकडे एकच. एवढे साम्य पाहून भंगारवाड्यातून आणलेला ॲक्सल सरळ बसेल असा निष्कर्ष काढला जातो, आणि गाडी घोडीवर चढवल्यावर ध्यानात येते की एक्स्प्लोररमध्ये पाटे ॲक्सलच्या नळीखालून जातात, तर रेंजरमध्ये ते नळीच्या वरून जातात. म्हणजे पाट्यांच्या जुन्या बैठका कापून नव्या बैठका नळीच्या वरच्या अंगास वेल्ड करणे क्रमप्राप्त ठरते, आणि सगळ्या कामातला खरा कसोटीचा भाग हाच. बैठका प्रथम नुसत्या टाक्यांवर अडकवून, गाडीचे संपूर्ण वजन चाकांवर घेऊन, पिनियनचा, म्हणजे क्राऊनला फिरविणाऱ्या लहान दातेरी चाकाचा, कोन मोजावा लागतो. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांस एकेरी क्रॉस असेल, तर पिनियनची रेषा ट्रान्सफर केसमधून निघणाऱ्या दांड्याच्या रेषेशी समांतर राहिली पाहिजे, नाहीतर वेग वाढताच गाडी थरथरू लागते आणि क्रॉस अकाली झिजतात. कोन जुळल्याची खातरजमा झाल्यानंतरच पक्के वेल्डिंग करावयाचे, तेही थोडे थोडे, आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत. कारण नळी एकाच अंगाने तापली तर ती वाकते, आणि वाकलेल्या नळीतला नवा शाफ्ट बेअरिंग खाऊन टाकतो. हॅण्डब्रेकची केबल, ब्रेकची नळी आणि एबीएसची तार यांची तजवीज याखेरीज निराळी.

हे सारे यथासांग झाले, तरी मोडतोड संपली असे नाही. या ॲक्सलमध्ये शाफ्टचे आतले टोक सी-क्लिपने अडकवलेले असते. शाफ्ट मध्येच तुटला, तर तुटक्या तुकड्यासह चाक बाहेर सरकू शकते. जड मालवाहू गाड्यांत आढळणाऱ्या फुल-फ्लोटिंग डाना ६० मध्ये वाहनाचा भार हब आणि स्पिंडल पेलतात, शाफ्टकडे केवळ पीळ वाहून नेण्याचे काम उरते, म्हणून तो तुटला तरी चाक जागेवर राहते. पण हा ॲक्सल वजनाने भारी असतो, आणि त्याचे गोल हौसिंग खाली अधिक उतरत असल्याने मोठ्या टायरांनी मिळवून दिलेली जमिनीपासूनची उंची काही अंशी तेच खाऊन टाकते. शिवाय मागे बळकटी आली की दुबळेपणा नाहीसा न होता पुढे सरकतो : मग क्रॉस तुटतो, किंवा ट्रान्सफर केस.

क्राऊन-पिनियनच्या गुणोत्तराविषयी तर उलटीच समजूत रूढ आहे. आकडा मोठा म्हणजे वेग मोठा असे नव्हे, ४.१० याचा अर्थ चाके एकदा फिरण्यासाठी पिनियन ४.१० वेळा फिरते, अर्थात चाकांकडे पीळ अधिक जातो आणि इंजिनाचे फेरे वाढतात. ३.७३ गुणोत्तराच्या गाडीला ३१ इंचांऐवजी ३५ इंचांचे टायर बसवले, तर पूर्वीचीच खेच टिकविण्यास सुमारे ४.२१ लागते, म्हणून मालक ४.१० आणि ४.५६ यांच्यामध्ये घोळत राहतो. ४१ दात्यांच्या क्राऊनला १० दात्यांचे पिनियन दिले की ४.१० आणि ९ दात्यांचे दिले की ४.५६ मिळते. म्हणजे आकडा वाढतो तसे पिनियन लहान आणि नाजूक होते, हा व्यवहार कोणी फारसा सांगत नाही. आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल, तर मागचे गुणोत्तर बदलून पुढचे तसेच ठेवण्याची मुभा यंत्रशास्त्र देत नाही. 'फोर व्हील क्वचितच लागते' हा बचाव पहिल्याच चिखलात उतरेपर्यंत टिकतो. दोन्ही ॲक्सल निरनिराळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्यांची ओढाताण ट्रान्सफर केसला सोसावी लागते.

लॉकरविषयीची समजूत सर्वांत घातक आहे, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात ती विशेष घातक ठरते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास समान पीळ देते. म्हणून एक चाक हवेत गेले की दुसऱ्याचाही जोर सरतो. लॉकर ही उणीव दूर करतो, कारण तो दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावयास भाग पाडतो. परंतु वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांब मार्ग कापावयाचा असतो, आणि बर्फाळ रस्त्यावर जखडलेला मागचा ॲक्सल असेल, तर दोन्ही टायरांची पकड एकदम सुटून गाडीची पिछाडी आडवी जाते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत राहिले तरी दुसरे बहुधा गाडीला मार्गावर धरून ठेवते. ज्याला सोमवारी याच गाडीने कामावर जावयाचे आहे, त्याने हवेच्या दाबाने किंवा विजेने इच्छेनुसार जोडता-सोडता येणारा लॉकरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्राऊन-पिनियन बसविण्याचे काम केवळ पाने आणि हातोडी यांचे आहे, ही समजूतही सोडून द्यावी. दात्यांमधील खेळ बहुधा सहा ते दहा हजारांश इंचांच्या मर्यादेत ठेवावा लागतो, आणि तो डायल गेजखेरीज मोजता येत नाही. दात्यांना पिवळी पेस्ट लावून क्राऊन फिरवला की दात्यावर उमटणारा ठसा मध्यभागी यावा लागतो. तो मुळाकडे वा माथ्याकडे सरकला, तर पिनियनखालची चकती बदलून पुन्हा सारे उलगडावयाचे, मग त्यासाठी अख्खी दुपार गेली तरी हरकत नाही. नव्या दात्यांना पहिले काही मैल हळू चालवून गार होऊ द्यावे आणि सुमारे ५०० मैलांनंतर तेल बदलावे.

मिशिगनमध्ये खासगी वाहनांची नियतकालिक सुरक्षा तपासणी नाही, म्हणून घरच्या गॅरेजमध्ये केलेल्या या बदलांना कोणी हरकत घेत नाही. पण त्यावरून आपल्या गाडीची भारक्षमता वाढली असे मानणे ही शेवटची आणि फार मोठी चूक. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या लेबलवर प्रत्येक ॲक्सलची आणि संपूर्ण गाडीची भारमर्यादा छापलेली असते. ती ठरवताना निर्मात्याने पाटे, चौकट, ब्रेक आणि टायर हे सारे हिशोबात धरलेले असते, आणि डाना ६० बसवल्याने त्यातला एकही आकडा बदलत नाही. गाडीत सामान आणि माणसे भरण्यापूर्वी ते लेबल वाचावे, आणि त्यावरील मर्यादा पाळावी.