नळदुर्गाची सत्ता आणि रुप्याचे नाणे

नळदुर्गचा किल्ला केव्हा कोणाचा होता, हे ठरविण्यास तवारिखा पुरत नाहीत. त्यांत लिहिणाऱ्याचा धनी बोलतो. नाण्यातही धनीच बोलतो, हे खरे. परंतु नाण्याला बाजारात चालावे लागते, आणि बाजार कोणाची भीड धरीत नाही.

१३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. दिल्लीशी बंड करून निघालेल्या या राज्याने आपला रुप्याचा टंका मात्र दिल्लीच्याच धाटणीचा ठेवला : वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडे कमी. त्यावर सुलतानाचे नाव. खुतबा आणि शिक्का ही त्या काळी राजेपणाची दोन चिन्हे होती. पण दक्षिणेत मान सोन्याचा. सराफाच्या ओळखीचे ते होन आणि प्रताप.

फिरिश्ता सांगतो की, सराफ बहमनी नाणी वितळवीत, म्हणून पहिल्या महंमदशहाने (१३५८–७५) त्यांची कत्तल करविली. यामागे त्याला विजयनगर व वरंगळच्या रायांची फूस दिसते. फिरिश्त्याने हे लिहिले ते सुमारे अडीचशे वर्षांनी, विजापुरास, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाने. नळदुर्गात बोरी नदीवर १६१३ साली पाणीमहाल झाला तो याच इब्राहीमच्या कारकीर्दीत. कत्तलीचा तपशील सावधपणेच घ्यावा. मला तर त्यात फितुरीपेक्षा सराफाचा हिशेब अधिक दिसतो. रुपे चोख आणि नाव नवे, अशा वेळी नाव आटवून रुपे ठेवण्यात तोटा कसला? दख्खनला रुपे येई ते बहुतांशी दाभोळ-चौलसारख्या बंदरांतून, समुद्रापलीकडून.

पुढे किल्ला आदिलशाहीकडे गेला. १५८० नंतर निजामशाही व कुतुबशाही फौजांनी मिळून त्याला वेढा दिला, पण तो पडला नाही. एवढ्या झुंजीने राखलेल्या मुलुखाच्या धन्याचे रुप्याचे नाणे मात्र क्वचितच सापडते. आदिलशाही नाणी बहुतेक तांब्याची. रुप्याची म्हणजे लारी, आणि ती म्हणजे नाणे कसले, दुमडलेली तार! इराणातील लार शहरावरून हे नाव पडले. वजन पाच ग्रॅमच्या आत, आणि शिक्का दुसऱ्या अलीचा (१६५६–७२). ती बंदरच्या व्यापारासाठी होती.

१६८६ साली विजापूर पडले आणि आलमगिराचा रुपया सर्वत्र आला; सोलापुरासही मोगल टांकसाळ चालली. त्यानंतर निजाम. १८५३ ते १८६० नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यांतली पहिली काही वर्षे, १८५७ पर्यंत, हद्दीपलीकडे हैदराबादच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर नाव होते ते दिल्लीच्या बहादूरशहाचे.